परिषदेची पंगत

पंक्तिप्रपंच हा शब्द मी पहिल्यांदा आजीच्या तोंडून ऐकला. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या घरी आत्याचे लग्न होते आणि मागच्या अंगणात पंगत बसली होती. तूप वाढणाऱ्याने वकीलसाहेबांच्या भातावर दोनदा धार धरली आणि कोपऱ्यात बसलेल्या एका म्हाताऱ्या, गरीब नातेवाइकाच्या पानावरून हात तसाच पुढे नेला. आजी उठली. तिने वाढप्याच्या हातातले तुपाचे भांडे काढून घेतले, म्हाताऱ्याच्या पानाशी वाकून स्वतः तूप वाढले आणि त्या पोराला हळूच म्हणाली, "पंगतीला बसला तो पाहुणा. तिथं डावं-उजवं करायचं नाही. हा पंक्तिप्रपंच आपल्या घरात नको." ते दृश्य माझ्या मनात इतके ठसले की पुढे कित्येकांना मी ते कौतुकाने सांगत आले. त्याच दिवशी कुंपणापलीकडे काही माणसे वेगळी बसून जेवली होती. त्यांच्याबद्दल आजी काही बोलली नाही आणि मलाही त्यात काही वावगे दिसले नाही. ते दिसायला पुढे बरीच वर्षे जावी लागली आणि मला अमेरिकेत यावे लागले.

अमेरिकेतल्या विद्वत्परिषदांना पहिल्यांदाच जाणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांसाठी आणि अशा परिषदा भरवणाऱ्या आपल्या मंडळींसाठी माझ्या तरुण सहकाऱ्यांनी ही वर्तनसंहिता तयार केली आहे. तिला प्रस्तावना लिहा असे त्यांनी म्हटले तेव्हा मला आधी ते अंगण आठवले. परिषद हीही एक पंगतच असते, ज्ञानाची. तिथे पहिला प्रश्न असा की पंगतीला बसायला कोणाला मिळते. दुसरा असा की बसलेल्या प्रत्येकाच्या पानावर सारखे पडते का. पहिल्या प्रश्नाला आपण समावेश म्हणतो, दुसऱ्याला सन्मान. या पुस्तिकेतला प्रत्येक नियम, मग तो ध्वनिक्षेपकाबद्दल असो की रात्रीच्या जेवणाबद्दल, यांपैकी एका प्रश्नाला दिलेले उत्तर आहे. आजीला दुसरा प्रश्न पक्का ठाऊक होता. पहिला तिला कोणी शिकवला नव्हता.

पंगतीला कोण बसते

१९५१ साली टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिल शहरात मॅथेमॅटिकल असोसिएशन ऑफ अमेरिका या संस्थेच्या आग्नेय विभागाची सभा भरली. त्याच शहरातले फिस्क विद्यापीठ कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी स्थापन झालेले. तिथल्या गणित विभागाचे प्रमुख ली लॉर्च हे गोरे होते. त्यांच्यासोबत एव्हलिन बॉइड, वॉल्टर ब्राउन आणि एच. एम. हॉलोवे हे तीन कृष्णवर्णीय सहकारी सभेला आले. बॉइड यांनी दोनच वर्षांपूर्वी येल विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवली होती. गणितात ती पदवी मिळवणाऱ्या अमेरिकेतल्या अगदी पहिल्या कृष्णवर्णीय स्त्रियांत त्यांची गणना होते. या चौघांना निबंधवाचनाच्या सत्रांना बसू दिले गेले. समारोपाच्या मेजवानीसाठी त्यांनी केलेली नोंदणी मात्र आयोजकांनी मानली नाही. एका सभागृहात बसून प्रमेयाची सिद्धता ऐकलेली चालत होती, एका टेबलाशी बसून जेवलेले चालत नव्हते.

चौघांनी गप्प बसून परतीची गाडी धरली नाही. त्यांनी या असोसिएशनच्या आणि अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियामक मंडळांना पत्रे लिहिली आणि घटनेतच भेदभावाविरुद्ध कलम घालण्याची मागणी केली. त्या ऑगस्टमध्ये 'सायन्स' या साप्ताहिकात हे प्रकरण पत्ररूपाने छापून आले. घटना बदलली नाही. पण भेदभाव न करण्याचे धोरण ठरले आणि ते काटेकोरपणे पाळले जाऊ लागले. २००७ साली मॅथेमॅटिकल असोसिएशननेच लॉर्च यांचा सत्कार केला, तेव्हा मानपत्रात ही हकिगत नोंदवली गेली आणि सभागृहाने उभे राहून टाळ्या वाजवल्या. परिषदांच्या आचारसंहितेचा उगम शोधायचा झाला, तर मी त्या न मिळालेल्या जेवणापाशी जाईन.

मराठी वाचकाला या प्रसंगाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. सभेत एकत्र आणि ताटावर वेगळे, ही रीत आपल्या चांगल्या परिचयाची आहे. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये रानडे, टिळक आणि शहरातली इतर सुशिक्षित मंडळी व्याख्यानाला गेली आणि तिथे चहा पुढे आला. त्या चहावरून केवढे ग्रामण्य उभे राहिले! हजर राहिलेल्यांची नावे वर्तमानपत्रात छापून आणणारे गोपाळराव जोशी हे आनंदीबाईंचे पती. त्यांच्या पत्नीने १८८६ साली फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजमधून डॉक्टरची पदवी घेतली होती. मिशनऱ्यांचे व्याख्यान ऐकल्याने कोणाचा धर्म बुडाला नाही. तो कपभर चहाने बुडाला.

अमेरिकेतल्या इतिहासकारांच्या परिषदांची गोष्टही याच वळणाची आहे. १९०९ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कला अमेरिकन हिस्टॉरिकल असोसिएशनच्या वार्षिक सभेत कृष्णवर्णीय विद्वान डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांनी निबंध वाचला. यादवी युद्धानंतर दक्षिणेत कृष्णवर्णीयांच्या सहभागाने जी सरकारे आली, त्यांनी लोकशाही कारभार आणि सार्वजनिक शाळा दिल्या, असे त्यांचे प्रतिपादन होते. सभेने निबंध सभ्यपणे ऐकून घेतला. पुढच्या वर्षी तो संस्थेच्या नियतकालिकात छापायचा ठरला, तेव्हा डू बॉइस यांनी एकच विनंती केली. आपल्या समाजाच्या नावाचे पहिले अक्षर, इंग्रजीत विशेषनामाचे असते तसे, मोठे छापावे. संपादकांनी ती नाकारली. आपल्या लिपीत मोठे-लहान अक्षर नसते, त्यामुळे हा अपमान आपल्याला चटकन जाणवत नाही. आपल्याकडे ज्यांना आयुष्यभर अहो-जाहो मिळाले नाही, त्यांना तो बरोबर कळेल.

चाळीस वर्षांनी, १९४९ साली, सदर्न हिस्टॉरिकल असोसिएशनची सभा व्हर्जिनियातल्या विल्यम्सबर्गला भरली आणि तिच्यात जॉन होप फ्रँकलिन यांनी निबंध वाचला. त्या संस्थेत निबंध वाचणारे ते पहिले कृष्णवर्णीय इतिहासकार. त्या वेळी निबंधाइतकीच चर्चा ते उतरणार कुठे आणि जेवणार कुठे याची करावी लागली होती. हॉटेल आणि उपाहारगृहाचे दार वंश पाहून बंद करता येणार नाही, हे सांगणारा संघराज्याचा कायदा यायला १९६४ उजाडले.

याच देशात, याच न्यूयॉर्कमध्ये, आपल्या एका माणसाला मात्र पहिल्यांदा बरोबरीची बैठक मिळाली. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातल्या जातींच्या उगमावर निबंध वाचला. पुढच्या वर्षी तो 'इंडियन अँटिक्वेरी'त छापून आला. आयुष्यातले सर्वोत्तम मित्र आपल्याला कोलंबियातल्या सहाध्यायांत आणि प्राध्यापकांत मिळाले, असे त्यांनी नंतर नमूद केले आहे. परदेशातल्या त्या वर्षांनी आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती आणि बडोद्यात उतरायला जागा शोधताना ती पुन्हा अंगावर आली, हेही त्यांनी लिहून ठेवले आहे. शहर तेच होते. त्याने आंबेडकरांना पाट मांडून दिला. सातच वर्षांपूर्वी तिथेच वाचलेल्या निबंधासाठी डू बॉइस यांना एक अक्षर नाकारले गेले. पुढे १९४६ साली आंबेडकरांनी डू बॉइस यांना पत्र लिहिले आणि त्यांचे आपुलकीचे उत्तरही आले. दोघांनाही एकमेकांचे दुःख ओळखीचे वाटले, कारण पंगतीबाहेर बसण्याचे दुःख सगळीकडे सारखेच असते.

पानावर काय पडते

आत प्रवेश मिळाला म्हणजे काम संपले असे मानण्याची चूक फार जणांकडून होते. १९५० च्या डिसेंबरात फिलाडेल्फियाजवळच्या हॅव्हरफर्ड इथे अमेरिकन ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीची सभा होती. बावीस वर्षांच्या व्हेरा रुबिन यांना तिथे आपल्या एम.ए.च्या कामावर बोलायचे होते. नुकतेच पहिले बाळ झालेले. विद्यापीठातल्या वरिष्ठांनी सुचवले की तुझ्याऐवजी तुझा निबंध मी वाचतो, माझ्या नावावर. रुबिन यांनी नाही म्हटले आणि तान्ह्या बाळाला घेऊन, आईवडिलांच्या मोटारीतून, बर्फाळ रस्त्यांनी त्या हॅव्हरफर्डला पोहोचल्या. त्यांनी निबंध वाचला. ज्येष्ठांनी तो झोडपून काढला आणि त्या घरी परतल्या. पुढे आकाशगंगांच्या फिरण्याचा वेग मोजून कृष्णपदार्थाचे भक्कम पुरावे देणाऱ्या शास्त्रज्ञ म्हणून साऱ्या जगाने त्यांना मानले. त्या दिवशी त्यांना प्रवेश कोणी नाकारला नव्हता. पानावर मात्र तूप पडले नव्हते.

तूप न पडण्याचे प्रकार पुष्कळ असतात आणि बहुतेक इतके बारीक असतात की सांगायला जावे तर आपणच कोते ठरू. मेयो क्लिनिकमधल्या संशोधकांनी २०१७ साली वैद्यकीय व्याख्यानांच्या ध्वनिचित्रफिती तपासल्या. पुरुषाने पुरुष वक्त्याची ओळख करून देताना सुमारे ७२ टक्के वेळा 'डॉक्टर' ही उपाधी लावली होती. पुरुषाने स्त्री वक्त्याची ओळख करून देताना हे प्रमाण ४९ टक्क्यांवर आले. म्हणजे निम्म्या वेळा डॉक्टर असलेल्या बाईंची ओळख नुसत्या नावाने झाली. मी तरुण होते तेव्हा एका सत्रात माझ्या दोन्ही बाजूंचे सहकारी 'डॉक्टर' होते आणि मी मोडक्या उच्चारातले माझे पहिले नाव. वीस मिनिटे मी बोलले, पण पहिली पाच मिनिटे मला आपण विद्यार्थिनी असल्यासारखे वाटत राहिले. आपल्याकडे हेच 'ताई' म्हणून होते. व्यासपीठावर "प्राचार्य देशमुख, डॉक्टर पाटील आणि आपल्या सुमनताई" असे म्हणणाऱ्याच्या मनात प्रेमच असते. पण सुमनताईही डॉक्टर असतात. घरी ताई म्हणावे. व्यासपीठावर सगळ्यांना एकच माप लावावे.

प्रश्नोत्तरांचेही तसेच आहे. दहा देशांतल्या सुमारे अडीचशे चर्चासत्रांची नोंद घेऊन २०१८ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. स्त्रिया पुरुषांपेक्षा बरेच कमी प्रश्न विचारतात आणि पहिला प्रश्न पुरुषाचा असेल तर आणखी कमी, असे त्यात दिसले. प्रश्नांसाठी वेळ वाढवला की हा फरक कमी होतो. म्हणून या पुस्तिकेत सत्राध्यक्षांना सुचवले आहे की पहिला प्रश्न शक्यतो एखाद्या विद्यार्थिनीकडे किंवा नवख्या संशोधकाकडे द्यावा. याला खर्च शून्य. हात वर केलेल्या लोकांकडे नीट पाहिले की झाले.

नियम कशाला हवेत

चांगल्या घरातल्या माणसांना नियम लिहून द्यावे लागतात का, असा प्रश्न मला आपल्याच लोकांनी विचारला आहे. त्याचे उत्तर परिषद या जागेच्या स्वभावात आहे. परिषद हॉटेलात भरते. तिथे काम, जेवण आणि झोप एका छताखाली असते. संध्याकाळच्या स्वागत समारंभात मद्य असते. ज्याच्या शिफारसपत्रावर आपली नोकरी ठरणार तो माणूस लिफ्टमध्ये शेजारी उभा असतो. अमेरिकेतल्या कित्येक विषयांत प्राध्यापकाच्या जागेच्या पहिल्या मुलाखती वार्षिक परिषदेतच होत आणि त्या हॉटेलच्या झोपायच्या खोलीत घेतल्या जात. उमेदवार मुलगी खुर्चीवर आणि समितीचे सदस्य पलंगाच्या कडेवर, हे दृश्य कोणाला विचित्र वाटत नव्हते. अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनसारख्या संस्थांनी ही प्रथा अलीकडे बंद केली. आपल्या विद्यापीठात तक्रारीला निदान एक खिडकी असते. चार दिवसांच्या परिषदेत, परक्या गावी, तीही नसते. ती खिडकी उघडण्याचे काम आचारसंहिता करते.

गेल्या काही वर्षांत या दिशेने मोठी पावले पडली. २०१७ च्या सप्टेंबरात अमेरिकन जिओफिजिकल युनियनने छळ, भेदभाव आणि दादागिरी यांना संशोधनातल्या गैरवर्तनाच्या यादीत घातले. खोटी आकडेवारी रचणे किंवा दुसऱ्याचे लेखन चोरणे जितके गंभीर, तितकेच हे गंभीर ठरले. २०१८ च्या जूनमध्ये नॅशनल ॲकॅडमीज या अमेरिकेच्या सर्वोच्च वैज्ञानिक संस्थांचा अहवाल आला. विज्ञानक्षेत्रात स्त्रियांच्या वाट्याला येणाऱ्या छळात सर्वांत मोठा वाटा असभ्य मागण्यांचा नसून पाणउताऱ्याचा आहे, आणि कायद्यापुरती पूर्तता केल्याने वातावरण बदलत नाही, असे त्याने सांगितले. नॅशनल सायन्स फाउंडेशनने आपल्या निधीतून होणाऱ्या परिषदांना छळाविरुद्धचे लेखी धोरण, तक्रारीची सोपी वाट आणि ते धोरण प्रत्येक प्रतिनिधीपर्यंत आधी पोहोचवणे बंधनकारक केले. खगोलशास्त्रज्ञांच्या सभांत काही स्वयंसेवक ठळक बिल्ला लावून फिरू लागले. कोणी अडचणीत असेल तर त्यांच्याशी बोलावे, रात्री एकटीने खोलीवर जायची भीती वाटत असेल तर त्यांनी सोबत करावी. आपल्याकडे १९९७ च्या विशाखा निकालाने आणि २०१३ च्या कायद्याने कामाच्या ठिकाणी तक्रार समिती आणली, तिचाच हा परिषदेतला भाऊबंद म्हणता येईल.

चांगल्या संहितेत तीन गोष्टी स्पष्ट असतात. काय चालणार नाही, हे उदाहरणांसह. तक्रार कोणाकडे करायची, हे नाव, फोन क्रमांक आणि चेहऱ्यासह. आणि तक्रार आल्यावर काय होईल. समज देण्यापासून परिषदेतून परत पाठवण्यापर्यंतच्या पायऱ्या आधीच लिहिलेल्या असतात. तिसरी गोष्ट नसेल तर पहिल्या दोन भिंतीवरच्या सुविचारासारख्या राहतात. तक्रार ऐकणाऱ्यांत एकाच विद्यापीठाची किंवा एकाच गुरूची माणसे नसावीत, ही सूचना मला फार मोलाची वाटते.

एक आक्षेप मी मनापासून ऐकते, कारण तो प्रामाणिक असतो. असे नियम केले तर कडक टीका कोण करील, आणि टीकेवाचून विद्या कशी वाढेल? माझा अनुभव उलटा आहे. ज्या सभागृहात माणसाला आपल्या अस्तित्वाचा बचाव करावा लागत नाही, तिथेच त्याला आपल्या मुद्द्याचा बचाव नीट करता येतो. "तुमच्या तिसऱ्या तक्त्यातला नमुना अपुरा आहे" हे वाक्य वाटेल तितक्या ठामपणे म्हणावे. "तुमच्याकडे असले विषय कसे काय झेपतात?" हा प्रश्न नाही. पहिल्या वाक्याने निबंध सुधारतो, दुसऱ्याने माणूस पुढच्या वर्षी येत नाही.

आपला उंबरा

आता जे लिहिते आहे ते लिहायला मला जड जाते. काही वर्षांपूर्वी दक्षिण आशियाविषयीच्या एका परिषदेत रात्रीच्या जेवणाला आम्ही मराठी बोलणारे सात-आठ जण एका टेबलाशी बसलो होतो. परदेशात मराठी कानावर पडली की माणूस सैलावतो. टेबलाच्या टोकाला मराठवाड्यातून आलेला एक पीएच.डी.चा विद्यार्थी होता. त्याच्या बिल्ल्यावर स्वतःचे आणि वडिलांचे नाव एवढेच होते. मी अगदी आपुलकीने विचारले, "आडनाव काय रे तुझं?"

त्याचा काटा ताटावर थांबला. त्याने आडनाव सांगितले. "म्हणजे मूळचे कुठले?" हे दुसऱ्या कोणी विचारले. त्याने गावाचे नाव सांगितले. कोणी वाईट बोलले नाही. फक्त बोलणे त्याच्यावरून सरकून दुसरीकडे गेले, तुपाचे भांडे सरकते तसे. थोड्या वेळाने उद्याची तयारी करायची आहे असे सांगून तो अर्ध्या ताटावरून उठला. दुसऱ्या दिवशी त्या सत्रातला सर्वांत कसदार निबंध त्याचा होता. आदल्या रात्री त्या निबंधाबद्दल आमच्यापैकी कोणी त्याला एक शब्द विचारला नव्हता. मी त्याला गाठून माफी मागितली. तो म्हणाला, "सवय आहे मॅडम." आत्याच्या लग्नातली कुंपणापलीकडची पंगत मला त्या क्षणी दिसली. वाढपी आता मीच होते.

आडनावावरून जात काढण्याची आपली कला आपण सोबत बांधून इकडे आणली आहे आणि इथल्या संस्थांनाही ती आता कळू लागली आहे. ब्रँडाइस विद्यापीठाने २०१९ च्या डिसेंबरात आपल्या भेदभावविरोधी धोरणात जातीचा उल्लेख केला. २०२२ च्या जानेवारीत कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीने आपल्या सर्व २३ आवारांसाठी तेच केले. २०२३ साली सिॲटल शहराने तसा नियम केला. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने मंजूर केलेले विधेयक राज्यपालांनी, आधीचे कायदे पुरेसे आहेत असे सांगून, परत पाठवले. यावर आपल्या समाजात तीव्र मतभेद आहेत आणि ते चालतील. पण जेवणाच्या टेबलाशी आडनाव न खोदण्यासाठी कोणत्याही विधेयकाची वाट पाहावी लागत नाही. या पुस्तिकेत लिहिले आहे की मराठी माणूस भेटला तर पहिला प्रश्न त्याच्या कामाबद्दल विचारा. हा नियम अमेरिकेच्या कोणत्याही संहितेत सापडणार नाही. तो आपला आपण लिहिलेला आहे.

तशी विद्वत्सभांकडे समावेश मागण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. १८८५ साली रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात मराठी ग्रंथकारांची सभा भरणार होती. जोतीराव फुल्यांना निमंत्रण गेले. त्यांनी पत्राने ते नाकारले. जे लोक सर्व माणसांना मानवी हक्क मनापासून देत नाहीत, त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमचे जुळणार नाही, असा त्या पत्राचा आशय होता. ते 'ज्ञानोदया'त छापले गेले. मराठीतल्या विद्वत्सभांना समावेशाची अट घालणारा तो बहुधा सर्वांत स्पष्ट आवाज होता. एकशे चोवीस वर्षांनी, २००९ साली, कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे इथे पहिले विश्व मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा अध्यक्षपदी दलित साहित्याला वाहिलेल्या 'अस्मितादर्श'चे संपादक गंगाधर पानतावणे होते. वाट लांबची होती, पण चालली गेली.

खाली आलेल्या खुर्च्या

एक प्रसंग सांगून थांबते. एका मोठ्या हॉटेलातल्या सभागृहात सत्र सुरू व्हायचे होते. व्यासपीठ दीड-दोन फूट उंच, काळ्या कापडाने मढवलेले, चढायला तीन पायऱ्या. निबंध वाचणाऱ्यांत एक तरुणी चाकाच्या खुर्चीतून आली होती. नोंदणीच्या अर्जात तिने आपली गरज लिहिली होती. ती कोणी वाचली नव्हती. अपंगांच्या हक्कांचा अमेरिकेतला कायदा १९९० चा, पण चढायला उतरती फळी मात्र आली नव्हती. आयोजकांचा माणूस तिला म्हणाला, "तुम्ही खालूनच वाचा, आम्ही ध्वनिक्षेपक देतो." ती हो म्हणाली. अशा वेळी माणसे हो म्हणतात.

सत्राध्यक्ष वयस्कर होते. त्यांनी आपल्या नावाची पाटी उचलली, पाण्याचा पेला उचलला, मग खुर्ची उचलली आणि सावकाश तीन पायऱ्या उतरून ते तिच्या शेजारी येऊन बसले. ते काही बोलले नाहीत. मग दुसरा वक्ता उतरला, मग तिसरी. कोणीतरी ध्वनिक्षेपकाची तार सोडवून खाली आणली. सत्र आठ मिनिटे उशिरा सुरू झाले आणि श्रोत्यांना पुढच्या रांगांत सरकावे लागले. त्या संध्याकाळी सत्राध्यक्षांनी आयोजकांकडे लेखी तक्रार नोंदवली. दुसऱ्या दिवशी प्रत्येक सभागृहात उतरती फळी लागलेली होती.

या प्रसंगाचे दोन भाग मला सारखेच मोलाचे वाटतात. खुर्च्या खाली आल्या, कारण एका माणसाला आजीसारखे वाकता आले. आणि दुसऱ्या दिवशी उतरती फळी आली, कारण तक्रार लिहून घ्यायला एक जागा होती. नुसता चांगुलपणा त्या एका सत्रापुरता पुरला असता. नुसता नियम तर आदल्या दिवशीही होता, अर्जातल्या न वाचलेल्या रकान्यात. पुस्तिकेत या दोन्हींची तजवीज आहे. आहाराच्या पाट्या, मद्याशिवायचा स्वागत समारंभ, बाळाला पाजायची खोली, नावाचा उच्चार आधी विचारून घेणे, ऐकू कमी येणाऱ्यांसाठी पडद्यावरचे शब्द, सभागृह लहान असले तरी ध्वनिक्षेपक वापरणे, फोटोला परवानगी, अशी प्रकरणे एकेका पानाची आहेत. परिषदेला जाताना विमानात वाचून होतील.

परत आल्यावर मात्र एवढे करा. तिथे काय चांगले दिसले आणि काय खटकले, तुमच्या हातून काय चुकले, ते लिहून आमच्याकडे पाठवा. दुसरी आवृत्ती त्यातूनच होईल. आणि या पुस्तिकेतला सर्वांत लहान नियम, सव्विसाव्या पानावरचा, पहिल्याच दिवशी पाळून पाहा. घोळक्यात उभे राहून गप्पा मारताना एका माणसापुरती जागा मोकळी ठेवा, आणि जेवायला बसाल तेव्हा शेजारची एक खुर्ची. हातात ताट घेऊन कुठे बसावे या विचारात उभे असलेले कोणीतरी त्या दालनात असतेच.